कुंकवाखालचं बटण

माझं खरं नाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत फारसं कुणाला ठाऊक नाही. पण कुठल्याही कारखान्याच्या गेटवर जाऊन ‘जळीतबाई कुठं राहतात?’ असं विचारलंत, तर वॉचमन पत्ता सांगेल आणि वर हळूच विचारेल, ‘लय जळलं काय?’

मी विम्याची सर्व्हेअर आहे. आग लागते, छप्पर उडतं, बॉयलर फुटतो, गोदामात पाणी शिरतं. बंब येऊन जातात, बातमीदार येऊन जातात आणि रंगमंच मोकळा झाला की माझी एंट्री. हातात टॉर्च, पायात गमबूट, डोक्याला रुमाल. गणपतीत आमच्या आळीच्या नाटकात मी बहुतेक वेळा खलनायिका असते, त्यामुळे एंट्री कशी घ्यायची हे मला बरं कळतं. दारात क्षणभर थांबायचं, काही बोलायचं नाही, हवा नाकानं हुंगायची. मालकानं रात्रभर पाठ केलेली निम्मी कहाणी तिथंच गळून पडते.

लोकांना वाटतं मी पैसे देणारी बाई. मी एक छदामही देत नाही. मी एकच प्रश्न विचारते : हे कशामुळे झालं? विम्यात नुकसान किती झालं याइतकंच ते का झालं यालाही महत्त्व असतं. ठराविक कारणांचे पैसे मिळतात, ठराविक कारणांचे मिळत नाहीत. मोहोपाड्याच्या एका मंडळाचा स्टेज कोसळला होता. कारण काय? ‘वादळ, मॅडम!’ मी म्हटलं, कुठल्या दिशेनं आलं? कार्यकर्त्यांनी एकदम हात वर केले आणि प्रत्येकाचं बोट वेगळ्या दिशेला. वादळ नव्हतं. ऑर्केस्ट्राच्या शेवटच्या गाण्याला सगळी कार्यकारिणी स्टेजवर चढून नाचली होती, अध्यक्षांसकट, आणि अध्यक्ष म्हणजे काही लहान माणूस नव्हे.

मी विमा कंपनीची नोकर नाही आणि मालकाची तर नाहीच. लायसन्सच तसं असतं, दोघांपासून वेगळं. त्यामुळे दोघंही मला चहा पाजतात आणि माझी पाठ फिरली की दोघंही नावं ठेवतात.

पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक यादी असते, कशाचे पैसे मिळणार नाहीत त्याची. त्यात पहिल्या काही शब्दांत एक शब्द असतो : युद्ध. युद्धात झालेलं नुकसान विमा भरून देत नाही. कारण उघड आहे. एक घर जळलं तर बाकीच्यांच्या हप्त्यांतून भरता येतं, सगळा देशच जळला तर कोण कुणाचं भरणार? हा शब्द मी वर्षानुवर्षं लोकांना वाचून दाखवला आणि आम्ही सगळे हसलो. खालापूरचा एक बेकरीवाला तर म्हणाला होता, “मॅडम, हितं युद्ध कराया कोन येतंय? शत्रू आला तरी टोलनाक्यावरच अडकंल.”

त्या शब्दानं मला घाम फोडला, ती ही गोष्ट. कंपनीचं नाव सांगणार नाही, माणसांची नावं बदलली आहेत.

कर्जतहून खालापूरकडं जाताना डोंगराच्या बाजूला एक शीतगृह आहे. मासळी, मटार, आइस्क्रीम, सगळं तिथं थंडगार झोपलेलं असतं. घरचा फ्रिज राक्षसाएवढा केला की शीतगृह होतं, फक्त त्याच्या नळ्यांतून अमोनिया फिरतो. अमोनिया नळीत असतो तोवर गुणी. बाहेर आला की डोळे, नाक, घसा, छाती, जिथं ओल सापडेल तिथं तो बसतो आणि जाळतो. तो गरम होऊन दाब चढू नये म्हणून एक पंप सतत पाणी सोडत असतो. पंप थांबला की दाब चढतो, आणि फार चढला तर छपरावरचा झडपेचा पाइप अमोनिया बाहेर ओकतो. टाकी फुटण्यापेक्षा ते बरं. पण बाहेर म्हणजे कुठं? कुंपणाच्या पलीकडं ठाकर आदिवासींची वाडी आहे.

खंडेनवमीला दुपारी पंप थांबला. झडप उघडली. पांढरा धूर छपरावरून उतरून वाऱ्याबरोबर वाडीत शिरला. लोक तोंडाला ओली फडकी लावून वरच्या माळावर पळाले. सगळे वाचले. चिमीबाई नावाच्या म्हातारीला मात्र इस्पितळात न्यावं लागलं. ती शेरडं सोडायला मागं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. रस्त्यानं हार घातलेले टेंपो पळत होते आणि मी शीतगृहाच्या दारात उभी राहून माझी ती खास एंट्री घ्यायला गेले. हुंगलं मात्र, आणि डोळ्यांतून अशी धार लागली की खलनायिकेची पार सोशिक सून झाली.

पॅनेलच्या खोलीत तिघं होते. मॅनेजर सबनीस साहेब, पनवेलहून बोलावलेला पॅनेल दुरुस्त करणारा एक माणूस, आणि ज्याच्या पाळीत हे झालं तो ऑपरेटर बाळाराम. बाळाराम त्याच वाडीचा. वाडीतला पहिला आयटीआय झालेला. चिमीबाई त्याची सख्खी मावशी. हे सबनीसांनीच मला सांगितलं आणि लगेच पुढं म्हणाले, “मॅडम, बाळारामच्या हातून चुकून पंप बंद झाला. त्यानं कबूल केलंय. हा जबाब. तुमच्यासमोर सही करतो, म्हणजे तुमचंही काम लवकर होईल.”

आता यातली गंमत ऐका. ऑपरेटरच्या चुकीनं मशिन बिघडलं तर त्या पॉलिसीत पैसे मिळतात. माणूस चुकतो हे विम्यानं धरलेलंच असतं. म्हणजे शीतगृहाच्या दृष्टीनं बाळारामची चूक ही फार सोयीची गोष्ट होती. त्याला नोकरी राखायचा शब्द दिला होता. पण पोलीस ठाण्यातही त्याच दिवशी त्याला बोलावलं होतं, आणि वाडीत तर निकाल लागूनच गेला होता : बाळ्यानं गॅस सोडला. कागदावर सही झाली की तो शिक्का जन्मभराचा.

बाळारामनं पेन हातात घेतलं होतं. तोंड असं, की जणू तो दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात उभा आहे.

आणि मला काहीतरी खटकत होतं. काय ते कळत नव्हतं. असं झालं की मी वेळ काढते. मी म्हटलं, चहा नाही का? चहा आला. म्हटलं, साखर कमी आहे. साखर आली. मग माझा चष्मा हरवला, तो माझ्याच डोक्यावर सापडला. सबनीस घड्याळ बघायला लागले, आणि मी ज्याच्याकडं बघायला हवं होतं त्याच्याकडं बघायला लागले.

पॅनेलवर झेंडूची माळ होती. काचेवर, म्हणजे बोट लावायच्या पडद्यावर, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, वर हळद आणि अक्षता. सगळं सुकून घट्ट बसलेलं. खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येक कारखान्यात हत्यारांची पूजा होते, त्यात नवल नव्हतं.

“बाळाराम,” मी म्हटलं, “सही नंतर. पंपाचं बटण कसं दाबलंस ते एकदा करून दाखव.”

“दाखव रे,” सबनीस म्हणाले.

तो पुढं झाला. बोट उचललं. स्वस्तिकाच्या चार बोटं अलीकडं ते थांबलं. पुढं जाईना.

“दाब की,” मी म्हटलं.

“उत्तरपूजा नाय झाली, मॅडम.”

“म्हणजे?”

“पूजलेल्याला दसऱ्याची उत्तरपूजा होस्तवर हात लावीत नाय आमी. शीतगृह बंद तर ठेवता येत नाय, मंग ते आपलंआपलं चालतं, आन् लागलंच तर पंपापाशी हातस्विच हाय, तो मारायचा. पॅनेलला हात नाय.”

“आणि पंपाचं बटण पडद्यावर कुठं आहे?”

तो खाली बघून म्हणाला, “कुंकवाखाली. पंप चालतोय म्हनून समदं चालतंय. म्हनून काल सकाळी त्यालाच पूजला.”

मी टॉर्च काढून काचेवर तिरका धरला. तांदळाचा एक दाणा हललेला नव्हता. सुकलेल्या कुंकवाला कुठं चीर नाही, बोटाचा डाग नाही. माझ्या डोळ्यांतली धार आता अमोनियाची राहिली नव्हती, आणि मला असा आनंद झाला की नाटकातला शेवटचा पडदा टाकायला मी हातच वर केला.

“सबनीस साहेब, या माणसानं ज्या बटणाला अजून हात लावलेला नाही, ते त्यानं काल दाबलं म्हणता?”

पनवेलचा माणूस खाली बघायला लागला. त्यानं आदल्या संध्याकाळीच पॅनेलची मेमरी पुसून कोरी केली होती, मागून लॅपटॉपची वायर लावून. काचेला त्यानंही हात लावला नव्हता. पूजेला तोही भ्यायला होता.

“मॅडम,” बाळाराम हळूच म्हणाला, “झडप वाजली तवा माळंच्या मागं लाल अक्षरं दिसली व्हती. विंग्रजीत. वाचाया वेळ नव्हता, मी हातस्विचकडं पळालो.”

“त्याला भास झाला,” सबनीस म्हणाले.

भासाचा पुरावा मिळाला तो दारात उभ्या टेंपोत. शकीलभाई गावातले, त्यांच्या घराण्याचा मासळीचा धंदा फार जुना. बर्फ आणि मासळी भरायला रोज येतात. मी सहज विचारलं, काल इथं होता का? ते एकदम खूश झाले.

“होतो ना मॅडम! धुराच्या जरा आधीच निघालो, नशीब. आणि काय ते डेकोरेशन केलं होतं कंपनीनं! माळ, कुंकू, आणि मागं लाल लायटिंगमधी अक्षरं. मला इतकं आवडलं, फोटो काढून स्टेटसला टाकला. ‘दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहून. लय लोकांनी हार्ट पाठवले.”

मी फोटो बघितला. झेंडूच्या दोन गोंड्यांमधून इंग्रजी अक्षरं जळत होती. मराठीत सांगायचं तर अशी : हे यंत्र शत्रूच्या देशात बनलं आहे. असं प्रत्येक यंत्र आमचं कायदेशीर लक्ष्य आहे.

“काय लिहिलंय मॅडम?” शकीलभाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी घाईघाईनं स्टेटस पुसलं आणि म्हणाले, “या अल्ला, माझ्या सासऱ्यानं पण हार्ट पाठवला होता.”

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. आपल्यापासून फार लांब दोन देशांचं जुंपलं होतं, टीव्हीवर रोज इमारती पडत होत्या. आपलं त्यात काही नव्हतं. पण आमच्या पॅनेलच्या मागं एक छोटी पट्टी होती आणि तिच्यावर त्या दोघांतल्या एका देशाचं नाव होतं. सबनीसांना घरबसल्या फोनवर तापमान दिसावं म्हणून पॅनेलमध्ये सिमकार्ड घातलेलं, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवलेला. दुसऱ्या देशाच्या बाजूचं म्हणवणाऱ्या कुणीतरी, कुठंतरी बसून, जगभरातली त्या कंपनीची उघडी दारं शोधली. त्यातलं एक दार खालापुरात निघालं. पंप थांबवला, दाबाची मर्यादा वाढवून ठेवली (पुसण्याआधी ती पनवेलच्या माणसानं पाहिली होती), म्हणजे मशिन आपण होऊन थांबू नये. त्याला वाडी दिसली नसेल. मासळीसुद्धा दिसली नसेल.

बाळाराम सुटला, असं मला वाटलं. तो आनंद जेमतेम घरी पोचेपर्यंत टिकला. विमा कंपनीच्या मुंबईच्या साहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं, तर पलीकडून नुसता सुस्कारा आला. सुखाचा.

“म्हणजे युद्ध! मॅडम, मिटलंच की. युद्धाचे पैसे नाहीत.”

“युद्ध कुणाचं? आपलं आहे का?”

“युद्ध ते युद्ध. आणि त्यांनी पडद्यावर स्वतःच लिहिलंय ना? कबुलीच झाली.”

“साहेब, आमच्या आळीतला टेलर दर गणपतीत राजा होतो. स्टेजवर छाती ठोकून सांगतो मी राजा. उद्या त्याला राजवाडा द्याल का?”

साहेबांना नाटकाची आवड नसावी.

आणि दुसऱ्याच दिवशी सबनीस माझ्या दारात. हा माणूस वाईट नव्हता हो. दोन रात्री झोपला नसावा, शर्टाची बटणं खालीवर लागली होती. “मॅडम, तुम्ही युद्ध लिहिलंत तर दावा गेला. दावा गेला तर शीतगृह बंद. वाडीतल्या घराघरातलं माणूस आमच्याकडं कामाला आहे. बाळारामची चूक लिहिलीत तर सगळे तरतात. एकट्याला थोडं सोसावं लागेल. त्याच्या मावशीच्याही औषधाचा खर्च त्यातूनच निघणार ना?”

मी त्यांना घालवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. इतकी वर्षं मी ‘कशामुळे’ विचारत आले, आणि उत्तर मिळालं की मोकळी झाले. इथं उत्तर माझ्या खिशात होतं, पण ते बाहेर काढलं की शीतगृह बुडत होतं आणि नाही काढलं की बाळाराम. कंपनीला बाळाराम हवा होता, विमा कंपनीला युद्ध. खरं काय ते मधल्यामधे उभं होतं, माझ्यासारखंच, तोंडाला रुमाल लावून.

मी वैद्य सरांकडं गेले. वैद्य सरांनी मुंबईच्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, आता कर्जतला मांजरं सांभाळतात आणि आमच्या नाटकात प्रॉम्प्टरचं काम करतात. इतक्या मोठ्यानं सांगतात की प्रेक्षक आमच्याआधी हसतात.

मी विचारलं, “सर, ‘कायदेशीर लक्ष्य’ म्हणजे काय?”

“युद्धालाही कायदा असतो. लढणाऱ्यावर आणि लढाईच्या साधनांवर हल्ला करायचा. बाकीच्यांवर नाही. सैन्याची छावणी लक्ष्य होऊ शकते, मटार होऊ शकत नाही. यंत्र कुठं बनलं यावरून तर मुळीच ठरत नाही.”

“पण बंदूक नव्हती, बॉम्ब नव्हता. नुसतं इंटरनेट.”

“बहुतेक देश मानतात की कायदा तोच. वायरीतून मारलं काय, विमानातून मारलं काय, माणसाची छाती सारखीच जळते. लागू कसा करायचा यावर मात्र अजून वाद आहेत.”

“मग हे युद्ध होतं का?”

त्यांनी मांडीवरचं मांजर खाली ठेवलं, म्हणजे मुद्दा गंभीर होता. “ज्यांनी केलं ते एखाद्या देशाच्या सांगण्यावरून, त्याच्या हुकमतीखाली वागत होते, असं दाखवता आलं तर तो देश जबाबदार. नुसत्या त्यांच्या घोषणेवरून नाही. ती उनाड पोरं असतील, भाडोत्री असतील, किंवा तिसऱ्याच कुणी या दोघांपैकी एकाचा मुखवटा घातला असेल. दाखवणं महाकठीण. आणि तुझ्या विम्याच्या बाबतीत, जो म्हणतो युद्ध आहे, त्यानं ते सिद्ध करायचं. मुंबईच्या साहेबानं.”

मला उडी मारावीशी वाटली. “म्हणजे सिद्ध होणार नाही! म्हणजे दावाही बुडणार नाही, बाळारामही सुटेल!”

“हो.”

“मग तुम्ही असे का बघताय?”

“कारण सिद्ध होत नाही म्हणून दावा सुटतो, आणि सिद्ध होत नाही म्हणूनच ज्यानं म्हातारीची छाती जाळली तोही सुटतो. भोक एकच आहे, बाई. त्यातूनच दोघं बाहेर पडतात.”

“पण कुठंतरी खटला तर चालेल?”

“आधी आरोपी सापडू दे. मग कोर्ट शोधायचं. मग त्या देशाला त्या कोर्टापुढं यायचं मान्य आहे का बघायचं.”

“यायचं की नाही ते आरोपीनं ठरवायचं?”

“बऱ्याच वेळा, हो.”

मी म्हटलं, खालापूरच्या कोर्टात अशी सोय झाली तर कॅन्टीन बंद पडेल. सर हसले नाहीत.

अहवाल लिहिण्याआधी मला एक शेवटची गोष्ट तपासायची होती. पंप थांबल्यावर पॅनेलवर लाल दिवा लागायला हवा होता. तो दिसला असता तर बाळाराम आधीच हातस्विचपाशी पोचला असता आणि झडप कदाचित उघडलीच नसती. मी त्याला कुंपणापाशी गाठलं. काम बंद होतं, तरी तो रोज येऊन उभा राहायचा. वाडीत बसवत नव्हतं त्याला.

“दिवा लागला होता का रे?”

तो म्हणाला, “लागला असंल. माळ मीच घातली व्हती. दिवा माळंखाली गेला.”

वाऱ्यावर अजून तो वास होता. मला वाटलं, यानं हे मला का सांगितलं? कुणी विचारणार नव्हतं. माळ आता सुकून कचऱ्यात गेली होती.

“हे मी लिहिलं तर तुझ्यावर येईल, बाळाराम.”

“लिवा. बटन मी दाबला न्हवता, ते लिवा. माळ मी घातली व्हती, ते बी लिवा. दोन्ही लिवलं तरच लोक पयलं खरं मानतील.”

मग मला आठवलं. दिवा झाकला गेला तरी अशा जागी एक भोंगा असतोच. मी आत गेले आणि सबनीसांना अगदी गोड आवाजात विचारलं, “साहेब, भोंगा कुठाय?”

सबनीसांचा चेहरा शीतगृहातल्या पापलेटासारखा झाला. पलीकडच्या रिसॉर्टवाल्यांनी पाहुण्यांची झोप मोडते म्हणून तक्रार केली होती. भोंग्याची वायर कधीपासूनच काढून ठेवलेली होती.

मी सगळं लिहिलं. कारण या रकान्यात लिहिलं, की आदेश बाहेरून, सिमकार्डातून आला, ऑपरेटरच्या हातानं नाही. फोटो जोडले, कुंकवासकट. पासवर्ड बदललेला नव्हता, भोंगा जोडलेला नव्हता, दिव्यावर माळ होती. झडप उघडताच ऑपरेटरनं हातस्विच मारून पंप चालू केला. आदेश कुणी दिला हे कळत नाही. कुणा देशानं दिला असं दाखवणारा पुरावा माझ्यासमोर आलेला नाही. मुंबईच्या साहेबांनी वकील लावले, वकिलांनी तज्ज्ञ लावले, तज्ज्ञांनी जाड बाड पाठवलं, आणि शेवटी त्यांनाही युद्ध सापडलं नाही. दावा सुटला, पैसे मिळाले. शीतगृह चालू झालं. भोंगा वाजायला लागला, रिसॉर्टवाल्यांची पुन्हा तक्रार आली आणि ती माझ्या मते आजवरची सर्वांत सुंदर तक्रार आहे.

पोलिसांनी बाळारामला बोलावणं बंद केलं. पण वाडी म्हणजे काही पोलीस ठाणं नव्हे. तिथं अहवाल वाचून दाखवायला मी स्वतः गेले, बाळारामच्या सांगण्यावरून. चिमीबाईच्या अंगणात सगळी जमली होती. म्हातारी इस्पितळातून आली होती, पण आवाज गेला होता. पूर्वी ती इथून हाक मारायची तर कोंडाण्याच्या लेण्यांच्या अंगानं चरणारी शेरडं वळायची, असं बाळारामनं मला सांगितलं होतं. अतिशयोक्ती असेल. आता तिच्या घशातून नुसता वारा यायचा आणि शेरडं राखायला दुसरं कुणीतरी जायचं.

मी वाचून दाखवलं. माळेचंही वाचलं. एक जण म्हणाला, “म्हंजे बाळ्याचा हात न्हवता?”

“बटणावर नव्हता.”

“आन् माळ?”

“माळ माझी,” बाळाराम म्हणाला. मग चिमीबाईनं त्याला खूण करून जवळ बसवलं आणि त्याच्या पाठीवर एक चापट मारली. चांगली जोरात. तेवढ्यानं त्याचा खटला संपला.

मग तिनं मला खूण केली. मी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला.

“मंग हात कोनाचा गं?”

मी सांगितलं. लांबचे दोन देश, त्यांचं भांडण, आपल्या यंत्रावरची पट्टी. नाव कळत नाही. कळलं तरी कोर्ट नाही. कोर्ट असलं तरी ते यायचेच असं नाही. सांगता सांगता माझीच कहाणी मला त्या मोहोपाड्याच्या वादळासारखी वाटायला लागली.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आमच्यात दोघांची भांडनं झाली, आन् तिसऱ्याचा शेत तुडावला, तर पंच पयला तिसऱ्याला इचारतात. तुज्या त्या पंचांना सांग. आमी येतो. आमाला बोलवा म्हनावं.”

मी हो म्हटलं. खलनायिकेनं इतकं मोठं खोटं कुठल्याच नाटकात बोललेलं नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुठंही सर्व्हेला गेले की आधी यंत्राच्या मागं जाऊन पट्टी वाचते. परवा भिवपुरीकडच्या एका पोल्ट्रीवाल्यानं विचारलं, “मॅडम, मागं काय बघता?” मी म्हटलं, तुझ्या कोंबड्यांचं कुणाशी वैर आहे का ते बघते. तो हसला. मी हसले. घरी जाऊन मात्र बातम्या लावल्या, आणि त्या देशाचं नाव येतंय का म्हणून शेवटपर्यंत बघत बसले.

शीतगृहात नवं पॅनेल बसलं, सिमकार्डाशिवाय. गेल्या खंडेनवमीला बाळारामनं मला पूजेला बोलावलं. माळ या वेळी पॅनेलच्या खाली बांधली होती, दिवा मोकळा. स्वस्तिक मात्र पंपाच्याच बटणावर. सबनीसांनी पेढे दिले, शकीलभाईंनी फोटो काढण्याआधी माझी परवानगी घेतली.

निघताना मी वाडीत गेले. चिमीबाई अंगणात बसली होती. मला बघून तिनं नेहमीसारखं जवळ बोलावलं आणि त्या वाऱ्यासारख्या आवाजात नेहमीचंच विचारलं.

“आलं का गं बोलावनं?”

“नाय अजून, मावशी.”

“बरं,” ती म्हणाली, आणि उद्याच्या दसऱ्यासाठी पदराला बांधलेलं आपट्याचं पान सोडून तिनं माझ्या हातावर ठेवलं. “आलं की सांग. लुगडं धुऊन ठेवलंय.”